बारा बटाट्यांचे अवयव

चिलीच्या दक्षिणेला, नकाशावर,
पाव मोडताना सांडावा तसा बेटांचा चुरा आहे.
त्यातल्या एका कणावर एर्मेलिंदा बाई राहतात.
निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी मंगळवारी सातला
चुलीत लाकूड सारून, ओठांना जरासा रंग लावून
पडद्यासमोर बसतात.

वर्ग भरतो.
चार बेटं, पाच मुलं, आणि वारा,
जो हात वर न करताच मधे बोलतो.

आज क्ष वर्ग अधिक सात क्ष अधिक बारा.
अवयव पाडायचे.
आपल्या भाषेत हे भयंकरच ऐकू येतं,
कुणी कोयता परजून बसल्यासारखं.
बाईंचा आवाज मात्र मऊ:
असे दोन आकडे शोधा, गुणाकार बारा,
बेरीज सात.

यास्ना लगेच सांगते. तिला नेहमीच लगेच येतं.
छान, आता गप्प बस, एलिसेओला वेळ दे.

एलिसेओ चौदाचा. बाप सालमनच्या पिंजऱ्यांवर रात्रपाळीला.
त्याच्या चौकोनात धूर, वाळत घातलेले लोकरीचे मोजे
आणि अर्धं कपाळ, एवढंच दिसतं.
"दोन नि सहा."
गुणाकार?
"बारा."
बेरीज?
कपाळ खाली जातं.

बाई सांगून टाकू शकल्या असत्या.
अडतीस वर्षं तेच तर केलं:
फळ्यावर उत्तर, घंटा, पुढचं गणित.
आज म्हणाल्या, घरात बटाटे आहेत?

त्या बेटांवर हा प्रश्न कुणी विचारत नाही.

"बारा आण, सुपारीएवढे. चुलीजवळच्या सात ढलप्या,
आणि पाव कापायची चौकोनी फळी.
फळी म्हणजे क्ष वर्ग.
ढलपी फळीएवढी लांब, बटाट्याएवढी रुंद, ती क्ष.
सगळं मिळून एकच आयत कर.
मधे भोक नको. काही उरायला नको."

राशी म्हणजे ढीग, हे शाळेत आपण विसरूनच जातो.
इथे खरोखरच ढीग पडला टेबलावर, मातीसकट.

दोन ओळी, सहा-सहा.
फळीच्या या अंगाला दोन ढलप्या, त्या अंगाला पाच,
आणि सहावीची जागा रिकामी.
बाईंना दिसलं. यास्नालाही दिसलं,
तिने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.
तेवढ्यात वारा आला आणि चित्र थिजलं:
हवेत एक हात, हातात एक बटाटा.

बाईंनी उठून चूल सारखी केली.
चित्र हललं तेव्हा
बटाटे तीन ओळींत, चार-चार,
ढलप्या तीन इकडे, चार तिकडे,
समोरच्या कोपऱ्यात फळी, घट्ट.
बोटाने एक कड मोजत तो म्हणाला, "क्ष अधिक तीन."
दुसरी कड. "क्ष अधिक चार."
आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा
अख्खा चेहरा पडद्यात आला. पुढचा एक दात अर्धा तुटलेला.

मग खालून एक छोटासा हात. धाकट्या नायारेतचा.
एक बटाटा राखेत भाजायला गेला.
"आता अकरा," एलिसेओ म्हणाला. "आता?"

बाई बराच वेळ थांबल्या.
"अकराचं होत नाही. पूर्ण आकड्यांत तरी नाही.
काही राशी फुटत नाहीत, रे.
दरवेळी चूक आपलीच असते असं नाही."
तो काहीतरी म्हणणार होता,
आणि रेंज गेली.

रंग पुसून झाला. भांडी झाली.
त्या शेवटच्या वाक्यात आपण कुणाबद्दल बोललो
याचा विचार करत बाई पलंगाच्या काठावर बसून राहिल्या.
दिवा मालवला.

पावणेदहाला फोन थरथरला.
फळी, सात ढलप्या, दोन ओळी पाच-पाच.
खाली लिहिलेलं:
दहाचं होतं, बाई.
नायारेतने आणखी एक पळवला.

बाईंनी दिवा पुन्हा लावला
आणि टोपलीतून बटाटे काढून
मोजायला घेतले.